अंतराळाचे रणांगण होऊ देता कामा नये

१२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन या सोव्हिएत वैमानिकाने ‘व्होस्तोक’ यानातून १०८ मिनिटांचे उड्डाण करून पृथ्वीला प्रदक्षिणा घातली. सामुदायिक शेतावर राबणाऱ्या सुताराचा हा मुलगा; त्याने स्वतः ओतकामाचे शिक्षण घेतले होते. श्रमिकांच्या घरात जन्मलेला माणूस सर्वप्रथम अंतराळात पोचला, या घटनेने जगभरच्या कष्टकरी जनतेची मान उंचावली. २०११ साली संयुक्त राष्ट्रसंघाने हा दिवस मानवी अंतराळ उड्डाणाचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून जाहीर केला. तथापि याच इतिहासाची दुसरी बाजूही विसरता येणार नाही. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘स्पुटनिक’ला आकाशात नेणारा अग्निबाण मुळात अण्वस्त्र वाहून नेण्यासाठी बांधलेला होता. अंतराळयुगाच्या जन्मातच हा अंतर्विरोध आहे. मानवाला ताऱ्यांकडे नेणारी शक्ती आणि मानवाचा संहार करणारी शक्ती एकाच कारखान्यातून बाहेर पडल्या. यांपैकी कोणती वरचढ ठरणार, हा प्रश्न तंत्रज्ञांचा नाही; तो राजकारणाचा आहे.

आमच्या अनेक सभांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो. ज्या देशात कोट्यवधी लोकांना पुरेसे अन्न मिळत नाही, त्या देशाने चंद्रावर यान का पाठवावे? प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. भारताचा अंतराळ कार्यक्रम केरळातील थुंबा या मच्छीमारांच्या गावात सुरू झाला. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण उडाला, तेव्हा कार्यशाळा चर्चच्या इमारतीत होती आणि अग्निबाणाचे भाग सायकलीवरून नेले जात. अमेरिका, सोव्हिएत संघ व फ्रान्स या तिन्ही देशांचे साहाय्य या केंद्राला लाभले, आणि १९६८ साली ते संयुक्त राष्ट्रसंघाला अर्पण करण्यात आले. १९ एप्रिल १९७५ रोजी आपला पहिला उपग्रह ‘आर्यभट’ सोव्हिएत अग्निबाणाने अवकाशात नेला. त्याच वर्षी अमेरिकेच्या उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षणाचे दूरदर्शन कार्यक्रम पोचले.

या विज्ञानाचे मोल वादळाच्या रात्री कळते. १९७७ साली आंध्रच्या किनाऱ्यावर आणि १९९९ साली ओरिसात चक्रीवादळाने प्रत्येकी सुमारे दहा हजार माणसांचे बळी घेतले. २०१३ साली ‘फायलिन’ वादळ त्याच ओरिसाच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवण्यात आले होते आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. वादळाचा माग उपग्रहांनी काढला. आणि माणसे वाचली, ती इशारा खेडोपाडी पोचवणाऱ्या, निवारे उघडणाऱ्या सामान्य कर्मचाऱ्यांमुळे. उलट २०१७ साली ‘ओखी’ वादळात केरळ व तामिळनाडूचे शेकडो मच्छीमार दगावले. आकाशात उपग्रह होते, परंतु खोल समुद्रातील होडीपर्यंत इशारा नेणारे साधे यंत्र नव्हते. विज्ञान आणि जनता यांच्यामधला हा तुटलेला दुवा सांधणे, हाच अंतराळ कार्यक्रमाच्या लोकाभिमुखतेचा खरा निकष होय.

हे सारे ज्या उपग्रहांवर अवलंबून आहे, ते उपग्रहच आज धोक्यात आहेत. समुद्रात बुडालेले जहाज तळाशी जाते. आकाशात फोडलेला उपग्रह मात्र नाहीसा होत नाही. त्याचे हजारो तुकडे सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती फिरत राहतात आणि शत्रू-मित्र असा भेद न करता वाटेत येईल त्यावर आदळतात. २००७ च्या जानेवारीत चीनने सुमारे ८६५ किलोमीटर उंचीवर आपलाच जुना हवामान उपग्रह फोडला. त्यातून नोंद करण्याजोगे तीन हजारांहून अधिक तुकडे निर्माण झाले आणि त्यांतील पुष्कळसे दशकानंतरही फिरत राहिले. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी रशियाने केलेल्या चाचणीनंतर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातील अंतराळवीरांना, त्यांत रशियाचे स्वतःचे नागरिकही होते, आपापल्या यानांत आश्रय घ्यावा लागला. गागारिनच्या वारसांनीच गागारिनच्या वाटेवर काटे पेरावेत, याहून विदारक विडंबना कोणती?

अण्वस्त्राचा धोका तर याहून भयंकर आहे. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटन शक्तीचा अणुस्फोट केला. शेकडो मैल दूर असलेल्या हवाई बेटांवरील रस्त्यांवरचे दिवे विझले, आणि स्फोटातून निर्माण झालेल्या किरणोत्सर्गाने पुढील काही महिन्यांत अनेक उपग्रह निकामी झाले. या अनुभवानंतर १९६३ चा अंशतः अणुचाचणीबंदी करार झाला. १९५४ सालीच चाचण्या थांबवण्याची हाक देणारा भारत त्यावर सुरुवातीलाच सही करणाऱ्या देशांपैकी होता. १९६७ च्या अंतराळ कराराने कक्षेत अण्वस्त्रे व अन्य सर्वसंहारक शस्त्रे ठेवण्यास बंदी केली आणि चंद्र केवळ शांततामय कार्यासाठी राखला. परंतु इतर शस्त्रे कक्षेत ठेवण्यास किंवा जमिनीवरून उपग्रह पाडण्यास या करारात स्पष्ट मनाई नाही. याच पळवाटेतून आजची शस्त्रास्त्र स्पर्धा आत शिरली आहे.

या स्पर्धेची मुख्य जबाबदारी अमेरिकन साम्राज्यवादाकडे जाते, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. मार्च १९८३ मध्ये रेगन यांनी ‘तारकायुद्धा’ची योजना जाहीर केली. १९७२ चा क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवरील करार अमेरिकेने २००२ साली एकतर्फी सोडला. २०१९ साली तिने स्वतंत्र अंतराळ सेनादल उभारले, आणि २०२५ साली ‘गोल्डन डोम’ नावाने कक्षेतच मारक अस्त्रे ठेवणारी यंत्रणा जाहीर केली. तिच्या खर्चाचा सरकारी अंदाजच १७५ अब्ज डॉलर होता. ‘संरक्षणा’ची ही ढाल प्रत्यक्षात तलवारीला निर्भय करणारी ढाल आहे. ज्याला प्रतिहल्ल्याचे भय उरत नाही, तो पहिला वार करायला मोकळा होतो. म्हणून प्रतिपक्ष अधिक अस्त्रे बनवतो. नफा मात्र दोन्ही अवस्थांत शस्त्रनिर्मात्या मक्तेदारांचाच.

असे असले तरी साम्राज्यवादाला विरोध म्हणजे त्याच्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याच्या शस्त्राचे समर्थन नव्हे. रशिया व चीन यांनी २००८ साली अंतराळात शस्त्रे ठेवण्यास बंदी घालणारा मसुदा मांडला. अमेरिकेने तो धुडकावला. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये उपग्रहविध्वंसक क्षेपणास्त्रांच्या चाचण्या थांबवण्याचा अमेरिकापुरस्कृत ठराव आमसभेत १५५ विरुद्ध ९ मतांनी संमत झाला, तेव्हा रशिया व चीन विरोधात राहिले. हा ठराव अपुरा आहे, हा त्यांचा आक्षेप खोटा नाही. परंतु १९६३ चा करारही अपुराच होता. भूमिगत चाचण्या त्याने थांबवल्या नव्हत्या. तरीही जगभरच्या शांतता चळवळीने त्याचे स्वागत केले, कारण आकाश विषमुक्त करणारे प्रत्येक पाऊल जनतेच्या हिताचे असते.

आता आपल्या सरकारकडे वळू. २७ मार्च २०१९ रोजी, लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू असताना, भारताने सुमारे २८० किलोमीटर उंचीवर स्वतःचा उपग्रह फोडला आणि पंतप्रधानांनी दूरदर्शनवरून त्याची स्वतः घोषणा केली. कमी उंची निवडल्याने कचरा लवकर नष्ट होईल, असे सांगण्यात आले. ते बऱ्याच अंशी खरे ठरले, तरी काही तुकडे बराच काळ फिरत राहिले. आमच्या शास्त्रज्ञांच्या कौशल्याबद्दल आम्हांस शंका नाही. शंका आहे ती त्या कौशल्याला मतपेटीशी जुंपणाऱ्या राजकारणाबद्दल. २०२२ च्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. जून २०२३ मध्ये मात्र अमेरिकाप्रणीत ‘आर्टेमिस’ समझोत्यावर सही झाली, ज्यात चंद्रावरील साधनसंपत्तीचे उत्खनन ग्राह्य धरले आहे. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत उपग्रहनिर्मितीत ७४ टक्क्यांपर्यंत व प्रक्षेपणयानांत ४९ टक्क्यांपर्यंत परकीय भांडवलाला विनापरवाना दार उघडण्यात आले. जनतेच्या पैशाने, सार्वजनिक क्षेत्राच्या श्रमाने सहा दशके उभारलेले ज्ञान असे खुले करायचे आणि वर स्वावलंबनाचा डांगोरा पिटायचा, ही वंचना होय.

‘इतरांनी शस्त्रे बनवली, मग आपण का मागे राहावे?’ असा युक्तिवाद कामगार वस्त्यांतूनही ऐकू येतो. त्याला देशद्रोहाच्या भीतीने गप्प बसून उत्तर देता येणार नाही. भारताचे सर्वांत मौल्यवान उपग्रह हवामानाचे, दळणवळणाचे, पृथ्वीनिरीक्षणाचे आहेत. अंतराळात युद्ध पेटल्यास जिंकणारा कोणीही असो, आंधळा होणार आहे तो वादळाची वाट पाहणारा ओरिसाचा कोळी आणि पावसाकडे डोळे लावून बसलेला विदर्भाचा शेतकरी. म्हणून अंतराळातील निःशस्त्रीकरण ही आपल्या दृष्टीने परोपकाराची बाब नसून राष्ट्रहिताची बाब आहे.

भारताने उपग्रहविध्वंसक चाचण्या पुन्हा न करण्याची स्वतःहून घोषणा करावी. अंतराळात कोणतीही शस्त्रे ठेवण्यास बंदी घालणाऱ्या बंधनकारक करारासाठी अलिप्त राष्ट्रांना एकत्र आणावे. आणि अंतराळ संशोधन सार्वजनिक क्षेत्रातच राखून त्याची फळे शेवटच्या होडीपर्यंत न्यावीत. ही मागणी संसदेत मांडून भागणार नाही. ती कारखान्याच्या दारात, महाविद्यालयांत, किनाऱ्यावरच्या वस्त्यांत समजावून सांगितली पाहिजे. १९६३ साली महासत्तांना सही करावी लागली, त्यामागे कोट्यवधी सामान्य माणसांचा आवाज होता. तो आवाज पुन्हा उभा करणे, हेच आजचे कर्तव्य आहे.