प्रसाधनकलेचे शुल्क आणि पार्लरची मिळकत

लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाची कथा सर्वश्रुत आहे. पार्वतीने आपल्या अंगाच्या मळापासून, म्हणजे उटण्याच्या लेपापासून, गणेश घडविला असे ती सांगते. उटणे हा त्या काळापासून घरातला, आईच्या हातचा विषय. तो लावण्याचे कोणी दाम घेत नसे आणि शिकविण्याचे शुल्कही मागत नसे. आज त्याच डोंगराच्या परिसरात, जुन्नर, ओतूर, नारायणगाव आणि पलीकडे आंबेगाव तालुक्यात मंचर, घोडेगाव येथील बाजारपेठांत ब्यूटी पार्लरच्या पाट्या दिसतात. प्रसाधन ही आता विकत शिकण्याची आणि विकून जगण्याची विद्या झाली आहे. तेव्हा दहावी-बारावी झालेल्या मुलीसाठी भरलेले शुल्क तिच्या मिळकतीतून भरून निघते काय, हा प्रश्न शेतकरी कुटुंबाने विचारलाच पाहिजे.

हिशेबाची पद्धत स्पष्ट व्हावी म्हणून काही आकडे केवळ गृहीत धरू. खासगी वर्गाचे सहा महिन्यांचे शुल्क ४०,००० रुपये. खुर्ची, आरसा, वाफेचे यंत्र आणि इतर साहित्य आणखी ४०,०००. येथवरचा खर्च माहितीपत्रक वाचणाऱ्या कोणालाही दिसतो. न दिसणारा खर्च निराळाच आहे. याच काळात ती मुलगी द्राक्षाच्या बागेत वा टोमॅटोच्या तोडणीला गेली असती, तर ३०० रुपये रोजाने दीडशे दिवसांचे ४५,००० रुपये घरात आले असते. म्हणजे एकूण भांडवल सव्वा लाख झाले.

आता मिळकत पाहू. साहित्य वजा जाता दिवसाला २५० रुपये उरले आणि महिन्याचे २५ दिवस दुकान चालले, तर ६,२५० रुपये होतात. त्यातून गाळ्याचे भाडे २,५०० आणि विजेचे ५०० गेले की हाती ३,२५०, म्हणजे वर्षाचे ३९,००० राहतात. लग्नसराईत दहा वधूंची सजावट मिळाली आणि प्रत्येकीमागे ३,००० सुटले, तर आणखी ३०,०००. एकूण ६९,००० रुपये. पण शेतात वर्षातून दोनशे दिवस काम मिळाले असते तर ६०,००० मिळालेच असते. खरा लाभ वर्षाला ९,००० रुपयांचा; त्या गतीने सव्वा लाख वसूल होण्यास जवळजवळ चौदा वर्षे लागतील!

येथेच निराश होण्याचे कारण नाही, कारण याच हिशेबात एक अनपेक्षित गोष्ट दडलेली आहे. तीच मुलगी शुल्क भरून शिकली, परंतु धंदा घरच्या ओसरीवर वा एखाद्या खोलीत सुरू केला, तर भाड्याचे ३०,००० वाचतात, लाभ ३९,००० होतो आणि भांडवल सव्वातीन वर्षांत निघते. उलट ती महिनाभरात विनाशुल्क शिकली, पण भाड्याच्या गाळ्यात बसली, तर ४७,५०० रुपयांचे कमी भांडवलही सुटण्यास सव्वापाच वर्षे लागतात. चर्चा नेहमी शुल्काची होते. वास्तविक मुलीचे पाय धरून ठेवते ते भाडे. विनाशुल्क शिक्षण आणि घरची खोली ही दोन्ही जुळली, तर सव्वा वर्षात भागते.

विनाशुल्क शिक्षण ही केवळ कल्पना नव्हे. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था जिल्ह्याच्या अग्रणी बँकेमार्फत चालतात, त्यांत पार्लर व्यवस्थापनाचा सुमारे महिन्याभराचा निवासी वर्ग असतो आणि तो मोफत असतो. या योजनेचे मूळ १९८२ मध्ये कर्नाटकातील उजिरे येथे सुरू झालेल्या संस्थेत आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधूनही प्रसाधनकलेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम शिकविला जातो. महिनाभरात हात बसत नाही, ही तक्रार रास्त आहे. हात बसण्यासाठी जाणत्या बाईच्या हाताखाली काम करावे लागते. पण शिकाऊ उमेदवारीची सरकारी योजना चारांहून कमी माणसे असलेल्या आस्थापनांपर्यंत पोहोचत नाही, आणि तालुक्याच्या गावातील पार्लर बहुधा एका खुर्चीचेच असते.

लग्नसराईवरील भिस्तही जोखमीची आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत मुहूर्त जवळजवळ बंद असतात, आणि नेमके याच काळात भाडे मात्र चुकत नाही. लेण्याद्रीला येणाऱ्या भाविकांच्या गर्दीवर फुले-प्रसादाची दुकाने चालतात, पार्लर नव्हे. शिवाय नवरी सजविण्याचे काम नात्यागोत्यातून येते. भिंतीवर टांगलेले प्रमाणपत्र पाहून नव्हे.

अमेरिकेत हा प्रश्न निराळ्या वाटेने सुटू पाहतो. तेथे केस कापण्यास वा सौंदर्योपचारास परवाना लागतो आणि परवान्यासाठी प्रशिक्षणाचे ठराविक तास भरावे लागतात. टेक्सास राज्याने २०२१ मध्ये ते १,५०० वरून १,००० वर आणले. विद्यार्थी सरकारी कर्ज काढून शिकतात, म्हणूनच तेथील केंद्रीय शिक्षण खात्याने २०२३ मध्ये नियम केला, की शिकून बाहेर पडलेल्यांची मिळकत त्यांच्या कर्जाच्या मानाने किती, आणि निव्वळ शालेय शिक्षण झालेल्यांपेक्षा ती जास्त आहे काय, हे तपासावे. आपल्याकडे पार्लरला असा परवाना लागत नाही. त्यामुळे शुल्क ऐच्छिक, आणि ऐच्छिक म्हणून बिनचौकशीचे! गेल्या वर्षी शिकून गेलेल्या मुलींपैकी किती जणी आज धंद्यात आहेत, एवढा एक आकडा दाखविल्याविना शुल्क घेऊ नये, असा साधा दंडक पालकांनाच घालून देता येईल.

करांची गंमतही लक्षात घेण्याजोगी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यसेवेवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, परंतु व्यावसायिक स्वरूपाच्या खासगी शिकवण्यांवर तो १८ टक्केच आहे. सजणाऱ्यावरील भार हलका झाला, शिकणाऱ्यावरील नाही.

जुन्नर परिसरातील लेण्यांच्या शिलालेखांत बांबूचे काम करणाऱ्यांच्या, कासारांच्या आणि धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणींचे उल्लेख आढळतात. दानातून आलेली ठेव अशा श्रेणीकडे सोपविली जाई. हुन्नर आणि भांडवल एकाच संस्थेच्या हाती असण्याची ती व्यवस्था होती. आज बचत गटांकडे थोडे भांडवल आहे, परंतु ते सहसा एकेका सभासदाच्या कर्जात विभागले जाते. चार मुलींनी मिळून एक गाळा घेतला, तर वरील हिशेबातील २,५०० रुपयांचे भाडे प्रत्येकीला ६२५ पडेल. मुद्रा योजनेच्या शिशु गटातील ५०,००० रुपयांपर्यंतच्या कर्जाने साहित्यही येईल. २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेतून मात्र त्यांना फारशी आशा नाही; तिच्या १८ व्यवसायांच्या यादीत नाभिक आहेत, ब्यूटी पार्लर असा वेगळा व्यवसाय नाही.