दिवाडीची फेरीबोट आणि आपली मोटार

सुट्टी आली की आपण मुलाबाळांसह दिवाडी बेटावर जातो. जुने गोवे येथे व्हाइसरॉयच्या कमानीतून धक्क्यावर उतरले की फेरीबोट, आणि काही मिनिटांत पलीकडे खाजने व शांत गाव. ही शांतता पूल नाही म्हणून टिकली आहे. मात्र पूल हवा की नको, हे आपण पाहुण्यांनी ठरवू नये. रात्री-अपरात्री आजारी माणसाला घेऊन धक्क्यावर थांबावे लागते ते बेटावरच्यांना.

आपल्या हाती वेगळी गोष्ट आहे. रविवारी आपल्या मोटारी फेरीबोटीवर चढतात आणि गावचा स्कूटरवाला पुढच्या फेरीची वाट पाहतो. शेजारच्या रायबंदर–चोडण मार्गावर २०२५ मध्ये रो-रो फेरी आली. सोय झाली खरी, पण बोट मोठी झाली की मोटारीही वाढतात असे आम्हाला वाटते. मोटार जुन्या गोव्यातच ठेवावी.

पिएदादच्या टेकडीवरचे पोर्तुगीजकालीन चर्च सगळेच पाहतात. तिथल्या दफनभूमीतील कपेलात कदंबकालीन देवळाचे कोरीव काम आहे, ते मुलांना आवर्जून दाखवावे. सप्तकोटेश्वरही मूळचा दिवाडीचाच. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर देव नार्व्याला गेला. तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला. दिवाडीहून नार्व्यालाही फेरीबोट आहे. सकाळी लवकर निघाल्यास दोन्ही एका दिवसात होते. डबा घरचा न्यावा, आणि कचराही घरीच आणावा.