ट्रॅक वाजतो, साथ करत नाही

‘वादक घेऊन कार्यक्रम करणं आता परवडत नाही, आणि ट्रॅकवर गायलं तरी लोकांना फरक कळत नाही,’ असं हल्ली कितीतरी आयोजक बिनदिक्कत सांगतात. जुन्या गाण्यांचे तिकीट लावलेले कार्यक्रमही त्यामुळे सर्रास लॅपटॉपवर होऊ लागले आहेत. रंगमंचावर गायक, निवेदक आणि मागे मोठा पडदा असतो. ढोलकी, बासरी, व्हायोलिन मात्र साउंडवाल्याच्या टेबलावरच्या फाइलमध्ये. याबद्दल कुणी तक्रार केली, की ‘तुम्ही जुन्या आठवणींत रमणारे, काळ बदललाय’ असं म्हणून त्याचं तोंड बंद केलं जातं. या युक्तिवादातलं एकही विधान मला मान्य नाही.

आधी ‘फरक कळत नाही’ हा दावा घेऊ. अशाच एका कार्यक्रमात एक तयारीची गायिका लावणी गात होती. दुसऱ्या कडव्याला ती जराशी उशिरा उठली. ट्रॅक थांबला नाही, थांबूच शकत नव्हता. अर्धी ओळ गिळून तिला त्याच्यामागे धावावं लागलं, आणि त्यानंतर तिची नजर प्रेक्षकांवरून उडून समोरच्या स्क्रीनवर खिळली ती शेवटपर्यंत. ढोलकीवाला असता तर त्याने तिच्याकडे बघून एक आवर्तन जास्त फिरवलं असतं आणि तिला अलगद समेवर आणून सोडलं असतं. चूक झाली हेसुद्धा कुणाला कळलं नसतं. पुढे एका कडव्याला वन्समोअर आला, तेव्हा निवेदकाने वेळेचं कारण सांगून पुढचं गाणं पुकारलं. नुसतं कडवं पुन्हा घ्यायला तिथे वाजवणारं कुणी नव्हतंच. प्रेक्षकांना हा फरक कळतो. त्याला नाव देता आलं नाही, तरी टाळी कमी पडते.

वन्समोअरवर तर मराठी संगीत रंगभूमी वाढली. बालगंधर्वांच्या पदांना वन्समोअर मिळत, आणि तेच पद पुन्हा म्हणताना ते नव्या जागा घेत. हे साधायचं तर साथीलाही त्या तोलाची माणसं लागतात. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष होते, ते याचसाठी. गवई कुठे वळणार हे आधी ठरलेलं नसताना त्याच्याबरोबर वळायचं, हे साथीदाराचं काम. ट्रॅकला गायक ऐकूच येत नाही. म्हणून ट्रॅकवर गाणारा कितीही सुरेल असला तरी त्याला ठरलेल्या जागी ठरलेलंच गावं लागतं.

आता परवडण्याचा मुद्दा. सभागृहाचं भाडं, साउंड, दिवे यांचा खर्च वाढलाय हे खरं आहे, आणि पंधरा वादकांचा ताफा प्रत्येकाला झेपणार नाही हेही खरं. पण ताफा हवाच असं कुणी सांगितलं? गजाननराव वाटव्यांनी गणेशोत्सवात चौकाचौकांतून भावगीतं पोहोचवली, ती स्वतः पेटी वाजवत. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेलं ‘गीतरामायण’ सुधीर फडक्यांनी पुढे गावोगाव नेलं, तेही स्वतः पेटीवर बसून, मोजके साथीदार घेऊन. छप्पन्न गीतांचं रामायण एवढ्या साथीत उभं राहत असेल, तर दोन तासांचा कार्यक्रम तबला, पेटी आणि बासरीवर नक्की होतो. पडद्यावरच्या रोषणाईला पैसे निघतात आणि तबलजीच्या मानधनाला निघत नाहीत, तेव्हा प्रश्न पैशांचा नसून पसंतीचा असतो.

आणि काळ बदलल्याचं म्हणाल, तर ज्या गाण्यांच्या आठवणींवर ही तिकिटं खपतात, ती गाणी तयार कशी झाली ते बघा. पन्नास-साठच्या दशकांत गायक आणि वादक एकाच वेळी, एकाच ध्वनिमुद्रणात गात-वाजवत. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या संगीतकारांनी हिंदी चित्रपटगीतांच्या वाद्यमेळाची रचना केली, आणि त्यांचेच कितीतरी गाववाले तिथे व्हायोलिन आणि ट्रंपेट वाजवत होते. त्या गाण्यांतला जिवंतपणा माणसांनी एकमेकांचं ऐकत वाजवण्यातून आला. तोच वगळून त्या गाण्यांना मानवंदना कशी देणार?

घरी किंवा हौशी मंडळात कराओकेवर गाणाऱ्यांशी माझं भांडण नाही. दिवसभर काम करून चार माणसं संध्याकाळी गातात, हे चांगलंच आहे. पण तिकीट लावलं की जबाबदारी येते. कार्यक्रम ट्रॅकवर आहे की वादकांसह, हे जाहिरातीत ठळक छापलं पाहिजे. तिकीट घेताना आपणही तेवढं विचारलं पाहिजे. आज जी मुलं तबला, ढोलकी, बासरी शिकताहेत, त्यांची खरी तालीम रियाजाच्या खोलीत पुरी होत नाही. गायक चुकला, लय चढली, कडवं फिरून आलं, तर काय करायचं हे रंगमंचावर बसूनच अंगवळणी पडतं. त्यांची ती जागा आपण लॅपटॉपला देत राहिलो, तर दहा वर्षांनी वादक घ्यायची इच्छा आणि ऐपत असलेल्या आयोजकालाही साथीला बसणारा माणूस मिळणार नाही. म्हणून छोटा कार्यक्रम करा, गाणी कमी घ्या, पडदा भाड्याने आणू नका; पण गाणाऱ्याच्या शेजारी वाजवणारा माणूस बसवा.