न खपलेली, म्हणून जपलेली

‘आरडी’ म्हटलं की आपल्या आई-मावश्यांना पोस्टातलं रिकरिंग आठवतं आणि काका-मामांना राजदूत ३५०. पहिलीत पैसे वाढणार याची खात्री होती. दुसरी नवी असताना फारशी खपली नाही. आज मात्र चांगल्या स्थितीतल्या आरडीसाठी लोक नव्या मोटरसायकलीइतके पैसे मोजतात. हे गणित उलटलं कसं?

एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ साली यामाहाच्या परवान्याने ही गाडी भारतात आणली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. ताकद ३०.५ हॉर्सपॉवर; तेव्हाच्या बुलेटची साधारण १८. पण पेट्रोल घटाघटा प्यायची, सुटे भाग महाग. मूळ जपानी गाडीचा डिस्क ब्रेक जाऊन इथे पुढेही ड्रम ब्रेक आला होता. म्हणजे पळायची जोरात, थांबायची निवांत! १९८५ साली हीरो होंडा सीडी १०० आणि आरएक्स १०० आल्या आणि घरातल्या कर्त्या माणसाने मायलेज बघून निर्णय घेतला. दशक सरता सरता आरडीचं उत्पादन थांबलं.

ज्या कारणांनी ती खपली नाही, त्यांनीच पुढे तिची किंमत वाढवली. गाड्या मुळात कमी, त्यातल्या कितीतरी सुट्या भागांअभावी भंगारात गेल्या. मग प्रदूषणाचे नियम कडक झाले, टू-स्ट्रोक मोटरसायकली बंद पडल्या. आता तशी गाडी कुणी बनवणार नाही. आणि अठराव्या वर्षी जी नुसती लांबून बघितली, ती घ्यायला पंचेचाळिशीत हातात पैसे आले.

चारचाकीत हेच पुण्यात बनलेल्या टाटा सिएराचं झालं. १९९१ साली एसी, पॉवर विंडो असलेली ही गाडी आली, पण मागच्या सीटसाठी वेगळे दरवाजे नाहीत आणि मागच्या मोठ्या काचा उघडत नाहीत. आजीला पुढची सीट वाकवून मागे कसं बसवणार? २००३च्या सुमारास ती बंद झाली. आज शौकीन त्याच काचांवर फिदा आहेत.

गाड्याच कशाला, अमेरिकेत रायफलींचीही हीच तऱ्हा. बुशमास्टर एसीआर २०१० साली मोठ्या गाजावाजात आली, पण आधी सांगितल्यापेक्षा खूप महाग. त्याच वर्षी दोष निघाल्याने विकलेल्या रायफली दुरुस्तीसाठी परत मागवाव्या लागल्या. उत्पादन थांबलं, तसे संग्राहक तिच्या मागे लागले.

पण प्रत्येक अडगळ मौल्यवान नसते. वस्तू कमी उरलेली हवी, तिच्यासारखं दुसरं काही नंतर आलेलं नसावं आणि ती चालू ठेवणारा मेस्त्री मिळायला हवा. टू-स्ट्रोकची नस ओळखणारे मेस्त्री दिवसेंदिवस कमी होताहेत.

शिवाय कायदा आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी आणि पुढे दर ५ वर्षांनी नवी करावी लागते. २०२१च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते ती ५० वर्षांवरच्या गाडीला. म्हणजे १९८३ची आरडी २०३३ पर्यंत कायद्याने नुसती जुनी गाडी!

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत पडवीतल्या ताडपत्रीखाली असं काही सापडलं, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी आरसी बुक शोधा आणि इंजिन-चेसिसचे नंबर त्याच्याशी जुळवून बघा. कागद नसतील तर कितीही दुर्मीळ गाडी असली, तरी ती रस्त्यावर आणता येणार नाही.