बॅकअप रोज घेताय, पण तो दुकानाबाहेर जातोय का?



टॅलीमध्ये बॅकअप कसा घ्यायचा हे दाखवलं, की एक उत्तर हमखास येतं. "सर, आम्ही तर रोज बॅकअप घेतो." छान. मग मी विचारतो, कुठे घेता? "डी ड्राईव्हला." आणि तो डी ड्राईव्ह कुठे आहे? यावर थोडा वेळ शांतता.

डी ड्राईव्ह बहुतेक कॉम्प्युटरमध्ये सी ड्राईव्हच्याच हार्ड डिस्कवर असतो. डिस्क एक, तिचे भाग दोन. म्हणजे एकाच खोलीत मधे पडदा लावायचा आणि म्हणायचं, आमच्याकडे दोन खोल्या आहेत. विंडोज बिघडली, कुणी चुकून एंट्र्या उडवल्या, तर डी ड्राईव्हवरची फाईल उपयोगी पडते, हे मान्य. पण डिस्कच गेली, कॉम्प्युटर चोरीला गेला, शॉर्ट सर्किट झालं, तर सी पण गेला आणि डी पण गेला.

म्हणून माझं मत सरळ सांगतो. बॅकअप तयार करणं हे एक काम आणि त्याची कॉपी दुसऱ्या जागी नेऊन ठेवणं हे दुसरं काम. पहिलं अकाउंटंट करतो. दुसरं कुणीच करत नाही, कारण ते कुणाचं आहे हे ठरलेलंच नसतं. ते मालकाचं काम आहे, आणि मालकानेच ते स्वतःच्या हातात ठेवावं.

आता यावर येणारा पहिला आक्षेप घेऊ. "सर, सगळं जीएसटी पोर्टलवर आहे ना! गेलं तर तिथून काढू."

पोर्टलवर काय आहे ते नीट बघा. तुम्ही जीएसटीआर-१ भरता, त्यात नोंदणीकृत व्यापाऱ्यांना केलेली विक्री बिलवार जाते: बिल नंबर, तारीख, रक्कम, कर. किरकोळ ग्राहकांची विक्री बहुतेक एकत्र आकड्यात जाते, त्यात नाव नसतं. खरेदीची बिलं जीएसटीआर-२बी मध्ये दिसतात, समोरच्याने भरली असतील तर. मग काय नाही? उधारी नाही! कोणत्या पार्टीने किती दिले, किती बाकी आहेत, चेक कुठला परत आला, कुणाला किती सूट कबूल केली, यातलं काहीही पोर्टलला माहीत नसतं. विक्री केली हे सरकारला ठाऊक आहे, पैसे आले की नाही हे फक्त तुमच्या खतावणीला ठाऊक आहे. बँकेचं स्टेटमेंट काढून थोडं जुळवता येईल, पण रोख आलेले पैसे त्यात नसतात. गोडाऊनमधल्या मालाचा हिशोब तर कुठेच नसतो.

मग पार्टीला फोन करून विचारायचं, "तुमच्याकडे आमची बाकी किती?" समोरचा प्रामाणिक असेल तर खरं सांगेल. नसेल तर? अहो, त्या क्षणी तुमच्या हातात काहीच नसतं, आणि समोरच्याला ते कळतं. छोट्या धंद्याचा सगळा जीव वसुलीत असतो. मशीन गेलं तर विम्याचं बघता येतं. उधारीची यादी गेली तर तिचा क्लेम कुठे करणार?

ज्यांची जीएसटी नोंदणीच नाही, घरून मसाले, पापड, शिवणकाम, केक असा धंदा आहे, त्यांच्यासाठी तर पोर्टल हा आधारही नाही. एक एक्सेल शीट आणि फोनमधले ऑर्डरचे मेसेज, एवढंच त्यांचं दफ्तर. हा लेख टॅलीवाल्यांइतकाच त्यांच्यासाठी आहे.

कायद्याचंही एक सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे दंड म्हटला की लोक लक्ष देतात. सीजीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशोब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात. २०२३-२४ चं विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत होतं, म्हणजे ते हिशोब ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. आणि सीजीएसटी नियम ५७ वाचा. त्यात म्हटलंय की इलेक्ट्रॉनिक नोंदींचा बॅकअप असा ठेवा की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी वेळेत माहिती परत उभी करता येईल. त्याच टेबलावरची डिस्क या अटीत बसते का, हे तुम्हीच ठरवा. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर तिचे नियम आणखी कडक आहेत. तिथे भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज बॅकअप ठेवावा लागतो. तुमच्या सीएंशी एकदा बोलून घ्या.

आता नैसर्गिक कारणाचं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात होतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. पाणी दुकानात शिरतं तेव्हा कॉम्प्युटर भिजतो, आणि खणात जपून ठेवलेली बॅकअपची हार्ड डिस्क त्याच्याही आधी भिजते, कारण खण खाली असतो. दोन कॉपी होत्या, दोन्ही एकाच पाण्यात.

आणि हे फक्त आपल्या छोट्या दुकानांचं आहे असं समजू नका. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या मोठ्या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली. ज्यांचा मूळ डेटा आणि बॅकअप दोन्ही त्याच इमारतीत होते, त्यांना परत काही मिळालं नाही. म्हणून ऑनलाइन सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही सांगतो, "आमचं क्लाउडवर आहे" म्हणून झोपू नका. महिन्याला एकदा तिथून सगळ्या पार्ट्यांची बाकी, विक्री, खरेदी, स्टॉक एक्सेलमध्ये उतरवून घ्या आणि वेगळ्या ठिकाणी ठेवा. सबस्क्रिप्शन थांबलं तरी तुमचा हिशोब तुमच्याकडे राहतो.

या क्षेत्रात ३-२-१ असा एक नियम सांगतात. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने तो रूढ केला: तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. चांगला नियम आहे. पण आपल्या धंद्यात सुरुवात त्या शेवटच्या एकापासून करा. दुकानात दहा कॉपी असण्यापेक्षा घरी एक असलेली मला चालेल.

मग करायचं काय? फार खर्चाचं नाही.

रात्री गल्ला मोजला की टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबा, डेटा मेनू उघडेल, तिथून बॅकअप घ्या. फाईल ज्या फोल्डरमध्ये जाते, त्या फोल्डरला तारखेचं नाव द्या. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. काल घेतलेल्यावर आजचा बॅकअप टाकू नका. हिशोबात झालेली गडबड कधीकधी पंधरा दिवसांनी लक्षात येते, आणि तोपर्यंत चांगली कॉपी रोज पुसली गेलेली असते. रोजच्या फाईली महिनाभर ठेवा, महिनाअखेरच्या वर्षभर, आणि ३१ मार्चची फाईल वर सांगितलेली ७२ महिन्यांची मुदत संपेपर्यंत हलवू नका.

मग ती फाईल बाहेर न्यायची. रोज गुगल ड्राईव्हवर किंवा तशाच एखाद्या जागी अपलोड, आणि आठवड्याला एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर. डिस्क शनिवारी घरी न्यायची आणि घरीच ठेवायची, सोमवारी परत आणून कॉम्प्युटरला लावून ठेवायची नाही. याचं कारण रॅन्समवेअर. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय जगभर पसरला तेव्हा सगळ्यांना हा शब्द कळला. असा व्हायरस कॉम्प्युटरवरच्या फाईली कुलूपबंद करतो आणि त्याला जोडलेल्या डिस्कवरच्याही करतो. सतत लावलेली डिस्क त्याच्यासाठी वेगळी जागा नसतेच.

एक छोटी अडचण येते ती सांगतो. फाईल चार जीबीपेक्षा मोठी झाली की काही पेन ड्राईव्ह ती घेतच नाहीत, आतमध्ये कितीही जागा असली तरी. तो पेन ड्राईव्ह फॅट३२ प्रकारचा असतो. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, काम होतं. फॉरमॅट करताना आतलं सगळं जातं, हे लक्षात ठेवा. आणि मुळात पेन ड्राईव्ह वर्षानुवर्षं जपायची जागा नाही, तो फक्त इकडून तिकडे नेण्यासाठी.

गुगल ड्राईव्हबद्दल दोन गैरसमज आहेत. पहिला, सिंक म्हणजेच बॅकअप. नाही! सिंकमध्ये इकडे फाईल उडाली की तिकडेही उडते. ट्रॅशमध्ये ३० दिवस मिळते, पण ते तुम्हाला वेळेत कळलं तर. त्याहून वाईट म्हणजे काही जण टॅलीचा चालू डेटा फोल्डरच सिंकमध्ये टाकतात. एंट्री चालू असताना फाईल अर्धवट वर जाते आणि डेटा बिघडू शकतो. चालू फोल्डर जिथे आहे तिथेच राहू द्या, वर जायची ती बॅकअपची फाईल. दुसरा गैरसमज, १५ जीबी फुकट आहे म्हणजे पुरेल. ती जागा जीमेल आणि फोटोंसोबत वाटलेली असते. घरातल्या लग्नाचे व्हिडिओ चढले की बॅकअप चढायचे थांबतात, आणि कुणाचं लक्ष नसतं.

म्हणून धंद्यासाठी वेगळं खातं काढा. इथेच मला सगळ्यात जास्त बोलायचंय. ऑडिटच्या वेळी किंवा सल्ल्यासाठी कुठे बसलं की एक चित्र फार दिसतं. बॅकअप बाहेर जातो, पण जातो अकाउंटंटच्या स्वतःच्या जीमेलवर, किंवा त्याच्या व्हॉट्सअॅपवर. मालकाला पासवर्ड माहीत नाही. अकाउंटंट भला माणूस असतो, त्याने सोय म्हणून केलेलं असतं. पण तो नोकरी सोडतो, त्याचा फोन बदलतो, कधी पगारावरून वाजतं. आणि तुमच्या सगळ्या पार्ट्यांची नावं, त्यांचे भाव, त्यांची बाकी अशा माणसाच्या खात्यात पडून राहते जो आता शेजारच्या गल्लीतल्या तुमच्या स्पर्धकाकडे कामाला आहे. यात त्याचा दोष नाही. खातं तुमचं हवं होतं.

खातं मालकाच्या नावाने, रिकव्हरीचा मोबाईल नंबर मालकाचा, दोन टप्प्यांची पडताळणी चालू. अकाउंटंटला अपलोड करायला एक फोल्डर शेअर करा, पण अपलोड झालेल्या फाईलची एक कॉपी तुमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये करून ठेवा, म्हणजे त्याच्याकडून काही उडालं तरी तुमची राहते. बाहेर जाणारी फाईल पासवर्डशिवाय जाऊ नये. सेव्हन-झिप फुकट मिळतं, त्यात पासवर्ड लावून फाईल बंद करता येते. टॅली व्हॉल्ट वापरत असाल तर त्याचा पासवर्डही सांभाळा, तो विसरलात तर डेटा समोर असून उघडणार नाही. हे पासवर्ड कागदावर लिहून घरात कपाटात ठेवा, आणि घरातल्या आणखी एका माणसाला तो कागद कुठे आहे ते सांगा. मालक स्वतः हॉस्पिटलमध्ये असेल त्या दिवशी धंदा वहिनींना किंवा मुलाला चालवायचा असतो.

राहिली शेवटची गोष्ट, फाईल उघडून बघणं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका कर्मचाऱ्याकडून चालू डेटा उडाला. बॅकअपच्या बऱ्याच पद्धती होत्या, पण गरज पडली तेव्हा बहुतेक चालतच नव्हत्या. शेवटी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक कॉपी कामी आली. इंजिनिअरांच्या कंपनीत असं होतं, तर आपण तीन महिन्यांतून एकदा तरी तपासायला हवं. तपासताना कॉपी चालू डेटाच्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करू नका, नाहीतर जुना डेटा आजच्या डेटावर बसेल. वेगळं फोल्डर करा, जमलं तर वेगळा कॉम्प्युटर घ्या. मग शेवटचं व्हाउचर कोणत्या तारखेचं आहे बघा आणि दोन-तीन मोठ्या पार्ट्यांची बाकी ताळून बघा.

पुढच्या व्हिडिओत हेच रिस्टोअर स्क्रीनवर करून दाखवतो. सोबत करायचं असेल तर एक बॅकअप फाईल जवळ ठेवा. दुकानातल्या कॉम्प्युटरवरची नको, बाहेर नेलेली आणा.