धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला काय?

आपल्या शाळेचा दिवस प्रार्थनेनें सुरू होतो. घंटा होते, रांगा लागतात, डोळे मिटतात, आणि दोन मिनिटांत ‘आमेन’ म्हणून सारे वर्गाकडे वळतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील आपल्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळीं पुन्हां तेंच घडतें. दिवे लागले म्हणजे आजी हांक मारते, शास्त्रपाठ होतो, एखादें गीत होतें आणि मग पानें वाढलीं जातात. ह्या चांगल्या वळणाविरुद्ध मला एक अक्षरही लिहावयाचें नाहीं. परंतु मुलांपुढें उभें राहून वर्षानुवर्षें प्रार्थना सांगणाऱ्या मज शिक्षकास स्वतःविषयीं एक प्रश्न पडला. तो विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडील माणसांपुढें ठेवावा असें पुष्कळ दिवस मनांत होतें. रोज प्रार्थना करणारा मनुष्य देवापुढें खरोखर एकदांही उभा राहिला नाहीं, असें होऊं शकतें काय?

माझ्या मतें होऊं शकतें. ह्या बाबतींत मला ज्यांची साक्ष सर्वांत मोलाची वाटते, त्या पंडिता रमाबाई.

कल्याणहून जो लोहमार्ग विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर असा कर्जतकडे जातो, तोच पुढें घांट चढून पुण्यावरून दौंडास पोंचतो. आणि दौंडाच्या अलीकडे केडगांव हें स्टेशन लागतें. तेथें रमाबाईंनीं उभारिलेली मुक्ति ही संस्था आजही चालू आहे. आपल्या दारावरून रोज धांवणाऱ्या गाड्यांपैकीं कांहीं त्या गांवावरून जातात, हें आपल्या मुलांना बहुधा कोणी सांगितलेलें नसतें.

रमाबाईंचें चरित्र येथें विस्तारानें सांगत नाहीं. दुष्काळांत आईबाप व बहीण गमावलेल्या ह्या मुलीस इ. स. १८७८ मध्यें कलकत्त्यास ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या मिळाल्या. विवाहानंतर लौकरच तिला वैधव्य आलें. आणि १८८३ च्या सप्टेंबरांत इंग्लंडमध्यें वाँटेज येथें आपल्या लहान मुलीसह तिनें बाप्तिस्मा घेतला. पुढें त्या अमेरिकेस गेल्या, हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनीं इंग्रजींत पुस्तक लिहिलें, आणि १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढिलें. बाहेरून पाहणारास ह्याहून भरीव ख्रिस्ती जीवन तें कोणतें दिसणार? परंतु १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षींत त्या सांगतात कीं, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं त्यांस असें कळून आलें कीं, आपल्या हातीं धर्म आला, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो मात्र अजून लाभलेला नाहीं.

हें त्यांस कळलें तें विल्यम हॅस्लम नांवाच्या एका इंग्रज धर्मगुरूचें आत्मवृत्त वाचतांना. हा गृहस्थ अनेक वर्षें उपासना चालवीत होता, मंदिरें बांधीत होता. आणि एके दिवशीं व्यासपीठावर उभा राहून दुसऱ्यांस उपदेश करीत असतांनाच त्याला उमगलें कीं, हा उपदेश आपणांसच हवा आहे. रमाबाईंनीं तें वाचलें आणि पुस्तक मिटून हॅस्लमची कींव केली नाहीं. त्यांनीं तोच प्रश्न स्वतःस विचारिला. आत्मपरीक्षण म्हणतात तें हेंच. आपण मात्र असें कांहीं वाचलें कीं लागलीच मनांत म्हणतों, ‘हें अमक्यानें वाचावयास हवें होतें!’

आतां आपल्याकडे पाहूं. रमाबाईंस धर्म मिळविण्यासाठीं पुष्कळांचा रोष पत्करावा लागला. आपणां बहुतेकांस तो पाळण्यांतच मिळाला. बाप्तिस्म्याचा दाखला कपाटांत आहे, रविवारचे कपडे इस्त्री करून ठेविलेले आहेत, नाताळचा कंदील माळ्यावर आहे. विकत न घेतलेल्या वस्तूची किंमत कळत नाहीं, तसें येथें झालें आहे. आणि प्रार्थना? दहावीची परीक्षा जवळ आली कीं आपल्या घरांतील प्रार्थना लांबते व निकाल लागला कीं आंखडते. मागूं नये असें मी म्हणत नाहीं. रोजची भाकर मागावयास प्रभूनेंच शिकविलें. परंतु वाण्याकडे धाडावयाच्या यादीसारखी जी प्रार्थना असते, तींत मागणाऱ्याचें नांव कोठेंच नसतें. आज मी कोणाशीं खोटें बोललों, कोणाच्या कष्टावर बसून खाल्लें, कोणास तुच्छ लेखिलें, ह्याचा एक शब्दही न काढतां आपण अर्धा तास बोलूं शकतों, आणि त्यासच भक्ति समजतों.

पालक म्हणतील, आत्मपरीक्षणास निवांत खोली पाहिजे, ती आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत कोठून आणावी? आंतल्या खोलींत जाऊन दार लावावें अशी प्रभूची आज्ञा आहे खरी; पण तें दार लांकडाचेंच असलें पाहिजे असें नाहीं. शारदासदनांत रमाबाई प्रार्थनेच्या वेळीं आपल्या खोलीचें दार उघडेंच ठेवीत, ज्या मुलींना यावेंसें वाटे त्या आंत येऊन बसत, आणि ह्यावरूनच १८९३ सालीं पुण्यांत केवढा गहजब झाला! दार उघडें असूनही त्या देवाजवळ एकट्या बसूं शकत. पहाटेच्या लोकलनें मुंबईस जाणाऱ्या बापास बदलापूर ते कल्याण वीस-पंचवीस मिनिटें मिळतात. दांडीस धरून उभ्या असलेल्या त्या मनुष्यास गर्दींत कोणी ओळखीत नाहीं. मोबाइल खिशांत राहिला, तर ह्याहून एकांत तो कोणता?

दिवस तपासावा कसा, ह्याची एक जुनी रीत आहे. सोळाव्या शतकांत इग्नेशिअस लोयोला ह्यांनीं ती आपल्या येशूसंघीय बंधूंस घालून दिली. ज्या फादर स्टीफन्स ह्यांनीं आपल्या मराठींत ‘क्रिस्तपुराण’ रचिलें, ते ह्याच संघाचे. ह्या रीतींत एक गोष्ट मला फार मार्मिक वाटते: आरंभ दोषांपासून करावयाचा नाहीं. आधीं आजचे उपकार आठवावयाचे, मग आपलें खरें रूप दिसावें म्हणून प्रकाश मागावयाचा, आणि त्यानंतर सकाळपासूनचा एक एक प्रहर तपासावयाचा. शेवटीं क्षमा मागून उद्यांचा निश्चय करावयाचा. आषाढांत उल्हास नदीचें पाणी तांबडें गढूळ असतें. तें भांड्यांत भरून रात्रभर न हलवितां ठेविलें तर सकाळीं गाळ तळाशीं बसलेला दिसतो. मन कांहीं वेळ न हलवितां ठेवणें, एवढाच ह्या रीतीचा पहिला भाग आहे.

उपकार आधीं कां, हें पालकांनीं विशेष ध्यानांत घ्यावें. कांहीं मुलें स्वभावतःच भित्रीं व हळवीं असतात. त्यांना रोज आपले अपराध मोजावयास बसविलें, तर देव म्हणजे हातांत छडी घेतलेला एक मोठा मास्तर, असें त्यांना वाटूं लागतें. म्हणून माझें स्पष्ट मत असें कीं, मुलाच्या अंतःकरणाची झडती बापानें अथवा शिक्षकानें घेऊं नये, आणि चारचौघांत त्याच्याकडून कबुली तर मुळींच वदवूं नये. आईबापांनीं स्वतःची तपासणी करावी. आपण चुकलों तें मुलाजवळ मोकळेपणानें बोलावें. जो बाप मुलास ‘काल मी उगीच रागावलों’ असें म्हणूं शकतो, त्याच्या मुलाला आत्मपरीक्षण निराळें शिकवावें लागत नाहीं. जे विद्यार्थी ख्रिस्ती नाहींत, ज्यांचे आजोबा १९४७ नंतर सिंध सोडून कल्याणच्या छावणींत आले व तेथेंही ज्यांनीं आपल्या देवाचें नांव सोडिलें नाहीं, त्यांच्याही घरीं हें समजेल.

केडगांवकडे पुन्हां एकदां वळतों. १९०५ च्या जानेवारींत रमाबाईंनीं मुलींना रोज प्रार्थनेस जमण्याविषयीं विचारिलें, तेव्हां सुमारें सत्तर जणी पुढें आल्या. जूनपर्यंत ती संख्या पांचशेंवर गेली. मग तेथें जें घडलें, त्या मुलींनीं मोठ्यानें रडून आपले अपराध कबूल केले, त्याची हकीकत दूरवर गेली, आणि टीकाही झाली. मला स्वतःला रडण्याचें फारसें महत्त्व वाटत नाहीं. परंतु त्यानंतर त्या संस्थेंत अनाथांची सेवा थांबली नाहीं, छापखाना थांबला नाहीं; आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून साध्या बायकांना समजेल अशा मराठींत बायबल उतरविण्याचें काम रमाबाईंनीं १९२२ मधील मृत्यूच्या थोडें आधीं पुरें केलें. हें मला अश्रूंपेक्षां अधिक पटतें.

आतां माझ्या स्वतःविषयीं, कारण तें टाळून हा लेख लिहिणें अप्रामाणिकपणाचें होईल. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत बदलापुराहून येणारा एक मुलगा वरचेवर उशिरा येई. पावसाचे दिवस होते, गाडी चुकली असें तो सांगे. मला तें खोटें वाटलें, आणि सलग तीन दिवस मीं त्यास सर्वांदेखत वर्गाबाहेर उभें केलें. त्या तिन्ही रात्रीं मीं ‘आमच्या सर्व विद्यार्थ्यांस आशीर्वाद दे’ अशी प्रार्थना केली, आणि शब्दही छान जुळले. चौथ्या रात्रीं रमाबाईंची ती साक्ष पुन्हां वाचण्यांत आली. पुस्तक मिटलें, आणि तीन दिवसांत प्रथमच मला त्या मुलाचा चेहरा दिसला. वेदीपाशीं अर्पण आणिलेल्या मनुष्यास भावाचा रुसवा आठवला तर आधीं काय करावयाचें, हें मत्तयाच्या पांचव्या अध्यायांत आहे. तो अध्याय मीं मुलांकडून कितीदां तरी पाठ करून घेतला होता.

सकाळीं मीं त्यास बाजूस घेऊन विचारिलें. तोंवर विचारिलेंच नव्हतें. बाप अंबरनाथच्या एका कारखान्यांत रात्रपाळीस. तो घरीं येईपर्यंत अंथरुणास खिळलेल्या आजीजवळ मुलानेंच थांबावयाचें. हें सांगण्याची लाज वाटे म्हणून गाडीचें निमित्त. शिक्षा वर्गासमोर झाली होती, म्हणून वर्गासमोरच मीं त्याची क्षमा मागितली. ‘असूं द्या, सर,’ असें तो कसाबसा म्हणाला आणि खालीं मान घालून वही उघडूं लागला. त्या रात्रीं प्रार्थनेस बसलों, तेव्हां बराच वेळ मला शब्दच सुचले नाहींत.