वर्षाचा शब्द

आपल्या पंचांगात प्रत्येक वर्षाला आधीच नाव मिळालेले असते. प्रभवापासून क्षयापर्यंत ६० संवत्सरे, मग पुन्हा पहिले. पाडव्याला नाव ऐकायचे, कडुनिंब खायचा आणि कामाला लागायचे. निवड आपली नसतेच. जपानमध्ये मात्र २ जानेवारीला ‘काकिझोमे’ करतात. वर्षातले पहिले लेखन म्हणून कुंचल्याने एखादा शुभ शब्द किंवा संकल्प कागदावर उतरवतात. संकल्पांच्या लांबलचक यादीऐवजी एकच शब्द निवडणारे आता आपल्याकडेही दिसतात. कल्पना चांगली आहे. पहाटे पाचला उठण्याचा नेम चार दिवस चुकला की सुटतोच. ‘सावकाश’ हा शब्द आज विसरला तरी उद्या उपयोगी पडतो. फक्त ‘आनंद’, ‘यश’, ‘समृद्धी’ असले शुभेच्छापत्रावरचे शब्द घेऊ नका. त्यांना कोणीच नाही म्हणत नाही, त्यामुळे ते आपल्याला काही नाकारायलाही लावत नाहीत. ‘पुरे’ घ्या, ‘ऐकणे’ घ्या, ‘उधारी’सुद्धा चालेल. ज्या शब्दाने एखादी खरेदी थांबेल, भांडण आवरेल किंवा महिनोन्‌महिने टाळलेला फोन केला जाईल, तोच निवडा.